मागच्या सीटवरचा वैशाख

बाबाजीकाका गोष्ट सांगायला बसले की आधी कंदिलाची वात उतरवायचे. "डोळ्यांवर येते," म्हणायचे. खरं कारण पोरांना ठाऊक होतं. दिवेआगरला सुपारीच्या वाडीत त्यांचं घर. जेवणं उरकली की पडवीत भाचरं-पुतणी गोळा व्हायची, आणि वात खाली गेली की भिंतीकडेला बसलेलं एखादं पोर मुकाट्याने सरकत मध्ये यायचं.

"ही ऐकीव न्हाय," काका म्हणायचे. "गुणाजी माझा मावसभाव. त्याच्या तोंडची. आन त्यानं ती एकदाच सांगितली. परत इचारलं तर उठून जायचा."

तर, महाराष्ट्र राज्य झालं त्या सालची गोष्ट. मार्गशीर्ष शुद्ध दशमी, सोमवार. संध्याकाळच्या एसटीने गुणाजी बोर्लीला उतरला. हातात अवजारांची पेटी, आणि काखेत गोणपाटात गुंडाळलेला गॅसचा लहान बाटला. टपावर टाकला तर आपटेल म्हणून सगळी वाट तो मांडीवर घेऊन आला होता. शेजारची म्हातारी एका वळणावर म्हणाली, "पोराचं तोंड तरी दाव." गुणाजीने गोणपाट उचलून लोखंडी तोंड दाखवलं. "बापावर गेलंय," म्हातारी म्हणाली, आणि अख्खी एसटी हसली.

गुणाजी मूळचा खाडीपलीकडचा, मुरूडच्या बाजूला डोंगरातल्या एका वाडीतला. पण बरीच वर्षं मुंबईत, ऑपेरा हाऊसजवळच्या गॅरेजात. तिथे बड्या लोकांच्या अमेरिकन गाड्या यायच्या. त्यांतल्या काहींत थंड हवेचं यंत्र असायचं, आणि त्या यंत्राला हात लावणारे मिस्त्री मुंबईतही थोडेच. बोर्लीच्या बाळाजीशेठने गॅरेजात निरोप धाडला, मालकाने गुणाजीला धाडलं. काम साधं. यंत्र तपासायचं, दोष काढायचा, परत जायचं.

बाळाजीशेठ सुपारीचा व्यापारी. एका परदेशी वकिलातीने जुनी गाडी विकायला काढली, ती त्याने मुंबईहून उचलून आणली. पिस्त्याच्या रंगाची, मचव्यासारखी लांब. काचा विजेवर चालायच्या, बटण दाबलं की आपोआप वर. डिकीत थंडीचं यंत्र. मागच्या सीटच्या पाठीशी दोन जाळ्या, त्यांतून गार वारा. ज्या रस्त्यावर बैलगाड्या आणि सकाळ-संध्याकाळची एसटी एवढंच धावायचं, त्यावर ही गाडी. शेठ स्वतः चालवायचा आणि भेटेल त्याला सांगायचा, "माझ्या मागच्या सीटवर वैशाखात घोंगडी लागते."

गुणाजी पोचला तेव्हा शेठ ओसरीवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होता. दारात मांडव घातलेला. केळीचे खुंट बांधलेले.

"आलास? बरं झालं अंधार पडल्यावर आलास."

"एसटीच आत्ता पोचते, शेठ."

"काम रात्रीच करायचं. मोटारखान्याचं पुढचं दार लावून. दिवसा बोनेट उघडं दिसलं की गाव बोंबलणार, शेठची गाडी बिघडली म्हणून."

"पण बिघाड काय आहे?"

शेठने सुपारीची एक फोड तोंडात टाकली. "मागं बसतो तो घामानं भिजून उतरतो. गेल्या महिन्यात पाहुणे आलेले, चांगले पैलवान गडी. खाली उतरले ते दारात ओकले. लोक हसायला लागलेत."

"आणि पुढे?"

"पुढं झकास. मी पुढंच असतो." मग तो मांडवाकडे बोट करून म्हणाला, "उद्या खाडीपल्याडनं नवरी आणायची हाय. धक्क्यावर ही गर्दी असणार बघायला. काच खाली गेलेली मला चालणार नाही. कळलं?"

"कुणाकडची मुलगी?"

"तुझ्याच वाडीची. रंगू. बाप नाही तिला, चुलत्यानं दिली."

गुणाजीला आठवली ती परकरातली रंगू, एसटीच्या थांब्यावर करवंदांचे द्रोण घेऊन उभी राहणारी. आता सतरा-अठराची असेल. शेठची पन्नाशी केव्हाच उलटलेली. गुणाजीने अवजारांची पेटी उचलली. गाडीचं बघावं, गाडीत कोण बसतंय ते बघू नये, हे गॅरेजात पहिल्या आठवड्यात शिकवतात.

मोटारखाना घराच्या बाजूला होता. त्याचं मागचं दार वाडीत उघडायचं. धूर जायला हवा म्हणून गुणाजीने ते सताड उघडं ठेवलं आणि गाडीचं तोंड आत, शेपूट बाहेर अशी गाडी लावून घेतली. पेट्रोमॅक्सची बत्ती खुंटीला टांगली. शेठ बाकड्यावर अडकित्ता घेऊन येऊन बसला. त्याला काम बघायचं होतं.

गुणाजीने इंजिन चालू केलं, यंत्राचं बटण ओढलं आणि बोनेट उघडलं. कॉम्प्रेसरचा पट्टा अंगठ्याने दाबून बघितला. ताठ. पाइपांना हात लावला. एक चटका देणारा, एक गार, वर दवासारखं पाणी. असंच असायला हवं. गॅसच्या वाटेवर एक भिंगासारखी इवलीशी काच असते. गॅस कमी असला की तिच्यात बुडबुडे धावतात. त्याने बॅटरी मारली. काच स्वच्छ. गेज लावलं, दाब बरोबर. साबणाचा फेस करून सगळ्या सांध्यांना ब्रशने फासला. फुगा कुठेच नाही. मग गळती शोधायचा दिवा पेटवला. ह्या दिव्याची ज्योत गॅसचा वास लागला की हिरवी होते. डिकीपासून बोनेटपर्यंत त्याने ज्योत फिरवली. निळी ती निळीच.

शेवटी मागच्या जाळीत थर्मामीटर खोवला. पारा उतरत उतरत पंचेचाळीस फॅरनहाइटला येऊन थांबला. मुंबईत साहेबांच्या गाड्यांतसुद्धा इतकं गार लागत नाही.

"शेठ, यात दोष नाही."

"म्हणजे ओकणारे खोटं ओकले?"

"काचा उघड्या राहिल्या असतील. नाहीतर गाडीचा झोका लागला असेल."

"आत बसून बघितलंस?"

गुणाजी थांबला. खरं तर शेवटची चाचणी तीच असते. काचा चढवायच्या, दारं लावायची, मागे बसायचं आणि थर्मामीटर हातात धरून वाट बघायची. जाळीतला वारा गार असून भागत नाही, माणूस गार व्हायला हवा.

"बसतो," तो म्हणाला.

शेठने पुढचं दार उघडून बटणं दाबली आणि दार लावून घेतलं. चारी काचा घरघरत वर गेल्या. बाहेर सुपारीच्या शेंड्यांमागे चंद्र उतरत होता. मार्गशीर्षाची थंडी, कान गार पडलेले. गुणाजी मागे बसला आणि दार ओढून घेतलं.

आधी छान वाटलं. मानेवर गार वारा. इंजिनाची बारीक घरघर. गादी मऊ. दिवसभराचा प्रवास अंगात होता, त्याने डोकं टेकलं.

मग मांड्यांना गादी गरम लागली.

इंजिनाची धग असेल, त्याला वाटलं. थर्मामीटर बघितला. जाळीशी धरला, पंचेचाळीस. आणला मांडीवर. पारा चढायला लागला. साठ. सत्तर. तो बघत राहिला. नव्वद. त्याने हात मागे जाळीवर ठेवला. वारा बर्फासारखा. तोच हात पुढे घेतला. भट्टी.

शर्ट पाठीला चिकटला. कपाळावरून घाम डोळ्यांत. त्याने काचेचं बटण दाबलं. काच हलली नाही. दाराची मूठ ओढली. मूठ फिरली. दार... नाही.

"शेठ."

काचा धुक्याने भरल्या होत्या. आतल्या वाफेने. त्याने बाहीने काच पुसली.

बाहेर माणसं होती.

दाटीवाटीने. काचेला नाक लागेल इतकी जवळ. टोप्या घातलेले बाप्ये. कडेवर पोरं घेतलेल्या बाया. खांद्यावर बसलेला एक मुलगा. सगळे आत बघत होते. आणि सगळ्यांनी... कपाळावर हात आडवे धरले होते. डोळे बारीक केलेले. त्यांच्या तोंडांवर ऊन होतं. भर दुपारचं ऊन. टोप्यांच्या सावल्या नाकापर्यंत.

बाहेर रात्र होती. गुणाजीला ठाऊक होतं बाहेर रात्र आहे.

त्याने काच वाजवली.

माणसं हसली.

त्याने मुठीने वाजवली. तोंड उघडलं. आवाज फुटला की नाही त्यालाच कळलं नाही. श्वास घ्यायला गेला तर आत धग गेली. बाहेर एका बाईने कडेवरच्या पोराचा हात धरला. आणि तो हलवला. बाळा, हात कर. दुसरीने हात केला. मग सगळ्यांनी. सगळे हात करत होते. हसत. प्रेमाने.

तो वाजवत राहिला.

ते हात करत राहिले.

मग हात उचलेना. काचेला गाल टेकला. काच पोळत होती, तरी टेकला...

दार उघडलं. तो खाली जमिनीवर पडला. थंडगार माती. वर चहाची कपबशी हातात धरून एक म्हातारी वाकली होती. घरकामाची नीराबाई. तिने चहा बाजूला ठेवला आणि पदराने त्याचं तोंड पुसलं. मोटारखान्यात ती गर्दी कुठेच नव्हती. बाकड्यावर शेठ तेवढा होता.

"बराच वेळ बसलास," शेठ म्हणाला. "हात हलवत होतास, म्हटलं खूण करतोय. पास झाली म्हणून."

गुणाजीच्या शर्टातून पाणी गळत होतं. उठता येईना, तेव्हा तो बसूनच म्हणाला, "शेठ, तुम्ही एकदा मागे बसून बघा."

अडकित्ता थांबला.

रातकिडे.

"मी मागं बसत नाही," शेठ म्हणाला, आणि उठून आत गेला.

नीराबाईने त्याला विहिरीवर नेलं. दोन कळश्या डोक्यावर ओतल्या. थंडीत तो कुडकुडायला लागला तेव्हा कुठे तिला बरं वाटलं.

"मागं कोण बसायचं, काकी?"

म्हातारीने रहाटाचा दोर हातात तसाच धरला. "राही. मालकांची आधीची बायको."

"काय झालं तिला?"

"दीड वरीस झालं. वैशाखाचा म्हयना. म्हायेरास्नं घेऊन येत व्हते. खाडीवर आले तर जंगार पल्याड."

जंगार म्हणजे दोन होड्या जोडून वर फळ्या ठोकलेला तराफा, गाड्या खाडीपार न्यायचा. भरतीशिवाय तो हलत नाही.

"भरतीची वाट बघत बसले. लोकं जमली गाडी बघाया. आन नेमकी ती थंडी बंद पडली. राही म्हणली, काच खाली घ्या. मालक म्हणले, लोकं बघतायत. तोंडाला पदर लावू नको, गार लागतंय अशी बस. आन चावी घेऊन उतरले. झाडाखाली जाऊन बसले."

गुणाजीला पुढचं समजलं. चावी नसली की त्या काचा हलत नाहीत.

"दार?"

"भायेरनं लावलं."

म्हातारी त्याच्याकडे वळली.

"तिनं काच वाजीवली. बांगड्यांनी. लोकांना वाटलं, शेठाणी हात करतीया. लोकांनी बी हात केला. परत वाजीवली. परत केला."

"मग?"

"मग ती हात करायची थांबली."

म्हातारीने दोर सोडला. कळशी खाली जाऊन पाण्यावर आपटली आणि गुणाजी दचकून मागे सरला.

"डागतर म्हणला, ऊन लागलं," ती म्हणाली. "ऊन. गाडीत बसून."

मोटारखान्यात परत न जाता तसंच निघून जावं, असं त्याला वाटलं. पण उद्या त्या सीटवर रंगू बसणार होती. यंत्र बंद पाडावं, तर ते बंद पडूनच राही गेली होती. शेठने तेव्हा काच खाली घेतली नाही, उद्याही घेणार नाही. यंत्र चालू ठेवावं, तर चालू असून काय होतं ते तो आत्ता भोगून आला होता. इथे थंडीचा काही इलाज नव्हता. इलाज होता तो काचेचा.

बत्ती घेऊन, गाडीची दारं सताड उघडी टाकून, आत न बसता, बाहेरून वाकूनच त्याने काम केलं. चारी काचा पार खाली घेतल्या. दारांची आतली फळी काढली. काचा चढवणाऱ्या मोटारींच्या तारा तोडल्या. नुसत्या तोडल्या नाहीत, वीतभर तुकडे काढून खिशात टाकले. मग फळ्या होत्या तशा बसवल्या.

सकाळी शेठने बटण दाबलं. काच वर आली नाही. दुसरं दाबलं. तिसरं.

"मोटारी जळल्या, शेठ," गुणाजी म्हणाला. "भाग मुंबईहून आणावा लागेल. नवरी बैलगाडीतून आणा. नाहीतर काचा उघड्या ठेवून..."

शेठने त्याच्या कानाखाली मारली. वऱ्हाडाला जमलेल्या लोकांसमोर. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "मुहूर्त टळेल म्हणून आत्ता काही करत नाही. तू पुढं बसायचंस, माझ्या शेजारी. येताना धक्क्यावर काचा वर गेल्या नाहीत तर ही बोटं अडकित्त्यात घालीन. एकेक."

लग्न लागलं. जेवणं झाली. उन्हं कलली तेव्हा रंगू गाडीत येऊन बसली. हिरवा शालू, हातभर चुडा. चुलतीने तिची ओटी भरलेली. पदरात तांदूळ, वर नारळ, हळकुंड. ही ओटी सासरच्या देवापुढेच रिकामी करायची, वाटेत खाली ठेवायची नाही, म्हणून पदराच्या ओच्याला गाठ मारून तो तिने दोन्ही हातांनी धरला होता.

शेठ बाहेर पानसुपारी घेत होता. तिने हळूच पुढे वाकून विचारलं, "गुणादादा ना तुमी?"

"व्हय गं."

"गाडीत जीव घाबरतो म्हणतात."

"काचा उघड्या हायेत. वर जाणारच न्हाईत. मी हाय पुढं."

तिने मान हलवली आणि मागे टेकून बसली.

वाटभर खिडक्यांतून वारा येत होता. रंगूच्या बटा उडत होत्या. दिवेलागणीला ते खाडीवर पोचले. जंगार लागलेलाच होता. गाडी फळ्यांवर चढवली, चाकांना दगड लावले. शेठने चावी काढून खिशात घातली.

"उतर," तो गुणाजीला म्हणाला. "गाडीबाहेर, फळीवर उभा राहा."

गुणाजी जंगाराच्या फळ्यांवर उतरला, मागोमाग शेठही. खलाश्यांनी वल्ही मारली. धक्क्यावर ही गर्दी, पलीकडेही मशाली घेऊन माणसं उभी. जंगार काठापासून सुटला. पाणी काळं व्हायला लागलं होतं.

आणि घरघर ऐकू आली.

बारीक. गुणाजीच्या ओळखीची.

चारी काचा वर येत होत्या.

सावकाश. एकसारख्या. त्याचा हात खिशात गेला. तारांचे तुकडे तिथेच होते. बोटांना टोचले.

त्याने धावत जाऊन मागचं दार ओढलं. हललं नाही. दुसऱ्या बाजूचं ओढलं. पेटीतला पाना काढला आणि काचेवर उगारला.

"धरा त्याला," शेठ म्हणाला.

दोन खलाश्यांनी धरलं. एकाने हात पिरगाळला, पाना पाण्यात पडला.

"शेठ, चावी द्या. शेठ, ती मरंल."

"काच बंद झाली, बघ," शेठ म्हणाला. त्याचं तोंड फुललं होतं. "तुला जमलं नाही, गाडीला जमलं." मग काठाकडे तोंड करून त्याने दोन्ही हात वर केले. "गार बसलीय माझी नवरी."

काठावरची माणसं हात करायला लागली.

"मालक," एक खलाशी चाचरत म्हणाला, "पोरगी काय तरी..."

"वल्हं मार."

गुणाजीला काचेतून रंगू दिसत होती. ती वाजवत नव्हती. तिचे हात ओच्यात. तिने मान वळवली होती. शेजारच्या रिकाम्या जागेकडे. ओठ हलले. थांबले. ती ऐकत होती... सुनेने सासूचं ऐकावं तसं, खाली बघत. मग तिने मान डोलावली. एकदा. पुन्हा एकदा.

काचेवर धुकं आलं. खालून वर. आधी शालू गेला. मग चुडा. मग तोंड.

मग काही दिसलं नाही.

वल्ह्यांचा आवाज. पाणी. गुणाजी ओरडायचा थांबला होता. खलाश्यांनी त्याचे हात सोडले नाहीत, पण ते दोघेही आता गाडीकडे बघत नव्हते.

जंगार काठाला टेकला. काचा घरघरत खाली गेल्या.

रंगू बसलेली होती. जिवंत. कपाळावरचं कुंकू जागच्या जागी. शालू सुका. कपाळावर घामाचा थेंब नाही.

"गार होतं का?" शेठने मोठ्याने विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"व्हय," ती म्हणाली. "लई गार."

लोक हसले. वाजंत्री वाजायला लागली. खलाश्यांनी गुणाजीला सोडलं, आणि तो तिथेच फळ्यांवर बसला. शेठने त्याला उठवून पुढच्या सीटवर घातलं. आता तो खुशीत होता. बोटांचं विसरला होता, की पुढे ढकललं होतं, कोण जाणे. वाटेत गुणाजीने एकदा मागे वळून बघितलं. रंगू त्याच्याकडे बघत होती, पण ओळख दाखवत नव्हती.

घरी उंबऱ्यावरचं माप ओलांडलं. नीराबाईने देवघरापुढे पाट मांडला, पुढे पत्रावळ ठेवली. देवाला हात जोडून रंगूने ओच्याची गाठ सोडली आणि ओटी पत्रावळीवर रिकामी केली.

वाजंत्री बाहेर वाजत होती. आत सगळे पत्रावळीवर वाकले.

नारळ तडकला होता. आणि तांदूळ... तांदूळ नव्हते. भात होता. मऊ, मोकळा, फुललेला. त्यातून वाफ निघत होती, समईच्या उजेडात वर जात होती.

"पाणी कुणी ओतलं?" शेठ म्हणाला. "पहिल्याच दिवशी माझं हसं करतेस?" त्याने रंगूला बाजूला लोटलं आणि ते उचलून फेकायला म्हणून दोन्ही हात भातात घातले.

तो ओरडला तसा माणूस ओरडलेला गुणाजीने कधी ऐकला नव्हता. हात बाहेर आले तेव्हा कातडं तळव्यांवरून सुटलं होतं. लोक धावले, कुणी तूप आणा म्हणालं, कुणी पाणी.

रंगू उठून पाटावर येऊन बसली. पत्रावळीबाहेर सांडलेली शितं ती वेचायला लागली. उघड्या बोटांनी, एकेक, सावकाश. ओंजळभर गोळा केली. ओंजळीतून वाफ निघत होती. तिने नीराबाईकडे बघितलं आणि नव्या सुनेने विचारावं तसं हलक्या आवाजात विचारलं, "ह्यांना वाढू?"



रात्रभर त्या घरात कुणी जेवलं नाही. पत्रावळीला हात लावायला कुणी धजेना. शेवटी नीराबाईने ती दोन काठ्यांवर उचलून मागच्या दारी, तुळशीपाशी नेऊन ठेवली. पहाटे गुणाजी पहिल्या एसटीला निघाला, तो मागच्या दारानेच. दव पडलं होतं. अंगण ओलं, तुळस ओली, पत्रावळीच्या कडाही ओल्या. भाताला कावळा शिवला नव्हता, मुंगी लागली नव्हती.

आणि त्यातून अजून वाफ येत होती.